अकरावी सरी

१

दुपारी एक वाजता बाया भाकरी खायला लिंबाखाली गेल्या, की शेडनेट चतुराबाईचं एकटीचं व्हायचं. गेल्या सात वर्षांत ही वेळ तिनं कुणाला दिली नव्हती. कमरेची किल्ली काढायची, बाहेरच्या दाराचं कुलूप उघडायचं, दोन दारांमधल्या कोनाड्याएवढ्या जागेत चपला सोडायच्या आणि आतला पडदा सारून मिरचीच्या अठरा सऱ्यांमधून एक फेरी मारायची. बाहेर दसऱ्यानंतरचं ऊन रणरणायचं, पण जाळीच्या आत ते दुधासारखं पांढरं होऊन उतरायचं. त्या उजेडात सावली पडत नाही. आवाजही फारसा येत नाही. पक्षी नाही, माशी नाही, वारासुद्धा जाळीबाहेरच थांबतो.

बियाण्याच्या मिरचीचं काम मोठं नाजूक. उद्या फुलणारी कळी आदल्या दिवशी तीननंतर चिमट्यानं सोलायची आणि आतला नराचा भाग काढून टाकायचा. सकाळी त्याच कळीला दुसऱ्या जातीच्या नराची पावडर, म्हणजे परागकण, लावायची आणि देठाला खुणेचा लोकरीचा दोरा बांधायचा. दर बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा, म्हणजे कुणाच्या हाताची चूक झाली ते लगेच कळतं. केदारखेड्याच्या आसपासच्या चाळीस घरांचं बियाणं चतुराबाईच्या हातून कंपनीकडं जायचं. एकेकाळी मिरच्यांची पाटी डोक्यावरून नेऊन भोकरदनच्या बाजारात बसणारी ही विधवा आता कंपनीच्या बैठकीत पुरुषांच्या रांगेत खुर्ची घेऊन बसायची, आणि तिच्या आधी बोलायला कुणी धजत नसे.

त्या मंगळवारी ती अकराव्या सरीशी आली आणि थांबली.

सरीतल्या पहिल्या झाडाच्या कळ्या सोललेल्या होत्या.

सोलायचं काम तीनला सुरू होतं. आत्ता सव्वा वाजला होता. सकाळी कुणीतरी पुढचं काम उरकून ठेवलं असेल, असं म्हणून ती वाकली. सोललेल्या कळ्यांच्या खाली सकाळची एक कळी होती, पावडर लावलेली. तिच्या देठाला दोरा होता. तो लोकरीचा नव्हता. बारीक, जांभळा दोरा, आणि त्यात मधूनच जरीचा एक कण चमकत होता.

चतुराबाईनं तो दोरा तोडला नाही. हात पुढं केला होता, तो मागं घेतला.

२

बायांची मुकादम सुगराबी. पन्नाशीची, अंगानं आडवी, बोलायला फटकळ. चतुराबाईनं तिला एकटीलाच आत बोलावलं.

"कुणी केलं हे?"

सुगराबीनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. कळी बोटानं उलटसुलट करून बघितली. मग दुसरी बघितली.

"आमच्यातल्या कोन्ही न्हाई केलं, बाई. आमच्या बाया चिमटा लावतात. चिमट्याचा वण राहतो बराबर. हे नखानं सोलेलं हाय. अंगठ्याच्या नखानं."

"मंग?"

"मंग काय." सुगराबीनं चष्मा पुन्हा वर सारला. "ये हाथ मेरेकू मालूम है. झुंबरआपाचा हाय."

चतुराबाई हसली. हसू जरा मोठंच निघालं. "झुंबरआक्का घनसावंगीत लेकीच्या घरी पडून हाय सात महिन्यांपासून. अर्धं अंग गेलं तिचं. पाणी पाजावं लागतंय."

"ते मलाबी म्हाईत हाय."

"मंग असं काय बोलून राह्यली?"

"तुमी इचारलं म्हनून सांगितलं," सुगराबी म्हणाली आणि पडद्याकडं निघाली. जाता जाता थांबली. "एक गोष्ट इचारू? अकरावीतच का केलं असंल वो? दहावीत न्हाई, नववीत न्हाई."

चतुराबाईला उत्तर माहीत होतं. दहाव्या आणि अकराव्या सरीच्या मधोमध पूर्वी बांध होता.

३

चतुराबाई आणि झुंबरबाई सख्ख्या जावा. थोरली झुंबरबाई. दोघींचे नवरे चार वर्षांच्या अंतरानं गेले. बांधाच्या अलीकडची जमीन चतुराबाईची झाली आणि पलीकडची झुंबरबाईची. दोघी बायामाणसं, पण त्यांनी रान कधी पडीक राहू दिलं नाही. धाकटीला बाजार कळायचा आणि थोरलीला झाड कळायचं. झुंबरबाईच्या उजव्या अंगठ्याचं नख लांब आणि चिवट होतं. चिमटा तिला जमायचाच नाही. त्या नखानं ती कळी अशी सोलायची, की कळीला कळू नये. लोकरीवरही तिचा भरवसा नव्हता. लोकर निसटते म्हणायची, आणि अंगावरच्या लुगड्याच्या काठातून दोरा ओढून बांधायची. खाली गोणपाट टाकून ती बसायची आणि एक झाड झालं की गोणपाटासकट पुढं सरकायची. सर्र, मग शांत. सर्र, मग शांत. तो आवाज शेडनेटमध्ये दिवसभर चालायचा.

शेडनेटची योजना आली तेव्हा सलग जमीन लागत होती. झुंबरबाईचं संमतीपत्र जोडलं असतं तरी भागलं असतं. ही गोष्ट चतुराबाईला तेव्हाही ठाऊक होती. पण संमती म्हणजे उद्या कुणीतरी ती मागं घेणार, झुंबरबाईचा जावई उठून वाटणी मागणार, बांध पुन्हा घालणार. तिनं संमतीपत्र केलं नाही. हक्कसोड करून घेतली, म्हणजे थोरलीचा वाटा कायमचा आपल्या नावे.

भोकरदनच्या रजिस्ट्री कार्यालयात जायचं म्हणून तिनं थोरल्या जावेला नवं लुगडं घेतलं, जांभळं, जरीच्या काठाचं. झुंबरबाई हरखून गेली. खुर्चीत बसून तिनं फोटो काढून घेतला. अंगठा दिला. टेबलापलीकडच्या माणसानं आपलं काम नीट केलं, त्यानं विचारलं, "आजी, कागद समजला ना? कशाचा आहे माहीत आहे ना?"

झुंबरबाईनं पदर सावरून चतुराबाईकडं बोट केलं. "हिला समजला की मला समजला."

त्यानंतर सहा वर्षं झुंबरबाई आपल्याच रानात दुसऱ्याची मजूर होऊन कळ्या सोलत राहिली, आणि ते तिला माहीत नव्हतं.

निदान या माघापर्यंत तरी नव्हतं. गावात शेतकरी ओळखपत्र काढायला मशीन आलं. झुंबरबाई आधार कार्ड घेऊन रांगेत बसली आणि दुपारी परत आली.

"चतुरा, ते पोरगं म्हनलं, आजी तुमच्या नावानं काहीच दिसून न्हाई राह्यलं."

"मशीन खराब हाय, आक्का," चतुराबाई म्हणाली. तिच्या हातातली सुपली थांबली नाही.

झुंबरबाईनं आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधलं. मग म्हणाली, "असंल. माझं नाव बारीक अक्षरात असंल."

आणि गोणपाट उचलून ती कामाला गेली. आठ दिवसांनी अकराव्या सरीतच ती एका अंगावर कलंडली.

तिला कळलं होतं का? की खरंच तिला वाटलं होतं, नाव बारीक अक्षरात असेल? चतुराबाईला हे कधीच समजलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, आणि धीर झाला असता तोवर झुंबरबाईची वाचा गेली होती.

४

बुधवारी अकराव्या सरीतली तीन झाडं झाली होती. गुरुवारी सात.

चतुराबाईचं डोकं हिशेबी होतं, असल्या गोष्टींना बधणारं नव्हतं. तिनं ठरवलं, कुणीतरी बाई खोडी काढतेय. झुंबरबाईची जुनी लुगडी कुणाकडंही असतील. नख कुणीही वाढवील. शुक्रवारी तिनं बाया बाहेर पडल्याबरोबर सगळ्या मोजल्या. चौदा होत्या, चौदाही लिंबाखाली बसल्या. मग तिनं आत फेरी मारली, प्रत्येक सरीत वाकून बघितलं. कुणी नव्हतं. तिनं आतला पडदा ओढला, बाहेरचं दार आतून लावलं आणि मधल्या जागेत पालथ्या बादलीवर बसून राहिली.

ती जागा चार पावलांची. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला पडदा, वर जाळी. चपलांचा, ओल्या मातीचा, फवारणीच्या औषधाचा वास. दूर लिंबाखाली बाया कशाला तरी हसत होत्या. मग तेही हसणं विरलं.

सर्र.

तिला वाटलं, ठिबकची नळी असेल. उन्हानं नळी ताणते, सैल पडते.

शांत. बराच वेळ शांत. एका झाडाला लागतो तेवढा वेळ.

सर्र.

चतुराबाईनं पडदा धरला. जाडसर, पांढरा, उन्हानं तापलेला पडदा. बाजूला सारायला एका हाताची ताकद पुरे होती. तिनं तो धरून ठेवला आणि सारला नाही. कान देऊन ऐकत राहिली. त्या आवाजाच्या मधे मधे अगदी बारीक, नखानं नख टिचकवावं तसा आवाज होता, टिक, टिक, टिक. आवाजात घाई नव्हती, राग नव्हता. कुणीतरी मन लावून काम करत होतं, एवढंच. घाबरायला काहीच नव्हतं. म्हणूनच चतुराबाईनं पडदा सोडला आणि बादली दाराकडं ओढली.

तीन वाजता सुगराबीनं बाहेरून दार वाजवलं तेव्हा ती तिथंच बसून होती.

आत अकरा झाडं झाली होती. सरीतल्या ओल्या मातीवर गोणपाटाएवढा रुंद, गुळगुळीत पट्टा उमटला होता. पट्टा सरीच्या मधूनच सुरू झाला होता आणि मधेच संपला होता. येण्याचं पाऊल नव्हतं, जाण्याचंही नव्हतं.

सोमवारी कंपनीचा साहेब तपासणीला आला. सगळ्या सऱ्या बघत तो अकरावीशी आला आणि खालीच बसला.

"चतुराबाई, एकही कळी वाया गेलेली नाही. असं काम मी या जिल्ह्यात बघितलं नाही. कोण बाई आहे ही?"

"घरचीच हाय," चतुराबाई म्हणाली.

सुगराबी पाठीमागं उभी होती. तिनं मान दुसरीकडं वळवली.

५

जालन्याला एसटी बदलून आणि पुढं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून चतुराबाई घनसावंगीला पोचली तेव्हा बारा वाजायला आले होते. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. वाटेत तिनं मनाशी वाक्य जुळवलं होतं. आक्का, माझ्याकडून चूक झाली. एवढंच म्हणायचं. मग बेबीनंदाला सांगायचं. मग काय होईल ते होईल.

बेबीनंदा, झुंबरबाईची एकुलती लेक, नवऱ्यानं टाकल्यापासून शिलाईवर पोट भरायची. तिनं चुलतीला बघितलं आणि मशीनवरून उठून पायाच पडली.

"काकू, तुमीच येता वो. दुसरं कोन्ही फिरकत न्हाई. आईला तुमी येवढी वर्षं सांभाळलं, जाऊ न्हाई, बहीण म्हनून."

चतुराबाईनं जुळवलेलं वाक्य तिथंच विस्कटलं.

खोली लहान होती, वर पत्रा. कूलर घरघरत होता. खाटेवर झुंबरबाई छताकडं तोंड करून पडली होती. अंगावर तेच जांभळं लुगडं.

"सात लुगडी हायेत, पन दुसरं नेसवलं की कण्हत राहते," बेबीनंदा म्हणाली. "हेच पाहिजे तिला. आन् आता ह्याचाबी नास होऊन राह्यला बघा." तिनं पदराचा काठ उचलून दाखवला. काठ वीतभर उसवून जाळी झाला होता. "रोज दोरे निघतात. उंदीर म्हनावं तर कुरतडल्यासारखं न्हाई. कोन्हीतरी एकेक दोरा ओढावा तसं. तिचा तर हात उचलत न्हाई."

चतुराबाई खाटेच्या कडेला टेकली. झुंबरबाईचा उजवा हात पोटावर होता, बोटं आत वळलेली. अंगठा तेवढा बाहेर. नख तसंच लांब होतं. नखाखाली हिरवं होतं.

"हे काय?"

"तेबी समजत न्हाई, काकू. दररोज साबनानं काढते. दुपारी दोन-अडीचला बघावं तर परत हिरवं. वास घेऊन बघा."

वास घ्यायची गरज नव्हती. मिरचीच्या कोवळ्या कळीचा तो कडवट वास चतुराबाईला झोपेतही ओळखू आला असता.

बेबीनंदा चहा ठेवायला आत गेली. कूलरचा आवाज होता, कुणाला काही ऐकू गेलं नसतं. चतुराबाई जावेच्या कानाशी वाकली. झुंबरबाईचे डोळे हळूच फिरले आणि तिच्या तोंडावर येऊन थांबले. त्या डोळ्यांत ओळख होती. दुसरं काय होतं ते चतुराबाईला वाचता आलं नाही, आणि तीच तर सगळं वाचून सांगणारी होती.

"आक्का," ती म्हणाली. "आक्का, बस करा आता. न्हाई लागत तुमचं काम. तुमी पडून ऱ्हावा."

एवढंच बोलली. सत्तर मैल येऊन ती एवढंच बोलली. जे सांगायचं होतं ते राहिलंच. जे मागायचं होतं तेवढं मात्र तिनं मागून घेतलं.

झुंबरबाईचे डोळे तसेच होते. चहा आला तेव्हा घड्याळात एक वाजून गेला होता. आणि चतुराबाईच्या डोळ्यांदेखत, हात पोटावर तसाच पडलेला असताना, पदराच्या काठातला एक दोरा हळूहळू लांबत गेला, ताठ झाला आणि तुटला. तुटलेला दोरा कुठं गेला ते दिसलं नाही. चतुराबाईनं कप खाली ठेवला. बेबीनंदा साखर हलवत होती.

६

चौथ्या दिवशी सकाळी झुंबरबाई गेली. फोन आला तेव्हा चतुराबाई शेडनेटच्या दारातच उभी होती.

त्या दिवशी दुपारी आत काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अकरावी सरी शेवटच्या झाडापर्यंत झालेली होती आणि बारावीला कुणी हात लावला नव्हता. दिवस पार पडले, तेरावं झालं. आवाज नाही, दोरा नाही. चतुराबाईला झोप लागू लागली. आणि झोप लागू लागली याचीच तिला लाज वाटू लागली.

मग तिनं ठरवलं. बांधापलीकडची सगळी जमीन, शेडनेटच्या तेवढ्या भागासकट, तिनं बेबीनंदाच्या नावे बक्षीसपत्र करून दिली. पुन्हा भोकरदन, पुन्हा तेच कार्यालय, तसलीच खुर्ची. या वेळी सही करणारी चतुराबाई होती. बेबीनंदाला वाचता येत होतं. तिनं कागद मोठ्यानं वाचला. "लिहून देणार ही लिहून घेणारीची सख्खी चुलती असून, नैसर्गिक प्रेमापोटी आणि स्वखुशीनं..." इथं तिनं कागद बाजूला ठेवून डोळे पुसले.

"काकू, असं कोन्ही करत न्हाई वो या जगात."

त्या वेळी बोलायला हवं होतं. बाई गं, हे प्रेम नाही, हे तुझंच आहे. चार शब्द. टेबलापलीकडचा माणूस शाईचं पॅड घेऊन थांबला होता, मागं लोक खोळंबले होते. चतुराबाईनं बेबीनंदाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "चालायचंच."

गावात नाव झालं. पारावर म्हातारे म्हणू लागले, जमीन असावी तर अशा बाईच्या हातात. ग्रामपंचायतीत तिला बोलावून शाल दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुगराबीही आली होती. तिनं टाळी वाजवली नाही. चतुराबाई शाल पांघरून घरी आली, आणि घरात पाऊल ठेवल्यावर तिला शाल काढून कुठं ठेवावी ते सुचेना.

७

बेबीनंदा शिलाई मशीन घेऊन केदारखेड्याला राहायला आली. हात आईचाच होता. पंधरा दिवसांत चिमटा टाकून ती नखानं सोलू लागली. इतर बायांसारखीच ती लुगड्यावरून पुरुषी फुलबाह्यांचा सदरा घालायची, डोक्याला रुमाल गुंडाळायची आणि गोणपाटावर बसायची. कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडं असायची. दुपारच्या वेळी कधी कधी ती आत एकटीच काम करत राही. आवाज यायचा, सर्र, आणि चतुराबाई स्वतःला समजवायची: बेबी आहे.

कार्तिक संपत आला होता. एके दुपारी ती शेडनेटपाशी आली तेव्हा कुलूप काढून कडीला अडकवलेलं होतं. आतून आवाज येत होता. तिनं चपला सोडल्या, पडदा सारला.

बाराव्या सरीत बेबीनंदा पाठमोरी बसली होती. फिकट निळ्या चौकड्यांचा सदरा, रुमाल, वाकलेली मान. हात पानांत होते. पांढरा उजेड सगळीकडं सारखा पसरला होता.

आपण आज सांगणार आहोत हे चतुराबाईला पडदा सारेपर्यंत माहीत नव्हतं. पण ती पाठ दिसली आणि तिला वाटलं, तोंड समोर नाही तोवरच हे जमेल. ती चार पावलं मागं, सरीच्या तोंडाशी, मातीतच बसली.

"बेबी, वळू नको. काम करत ऱ्हा. मी सांगते ते फक्त ऐक."

हात चालत राहिले.

"ही जमीन मी तुला बक्षीस न्हाई दिली. ही तुझ्या आईची व्हती. मी तिला फसवलं. शेडनेटची फाईल हाय म्हनून अंगठा घेतला, आन् हक्कसोड करून घेतली. संमतीपत्रानं भागत व्हतं. तरीबी केली. हाव सुटली मला. तिनं इचारलं व्हतं, नाव का दिसत न्हाई. मी म्हनलं, मशीन खराब हाय. त्या येळी खरं सांगितलं असतं तर..." तिनं पदर तोंडात धरला, सोडला. "घनसावंगीला सांगायलाच आल्ते. तवाबी न्हाई सांगितलं. आन् लोकांनी मला शाल घातली. ती मी घेतली. बेबी, ती मी घेतली!"

पुढचे हात थांबले होते. कधी थांबले ते तिनं बघितलं नव्हतं. पाठ हलली नाही, मान वळली नाही. जरा वेळानं समोरची बाई गोणपाटावर किंचित बाजूला सरकली, जागा करून द्यावी तशी, आणि टिक, टिक, काम पुन्हा सुरू झालं.

शिव्या नाहीत, रडणं नाही. चतुराबाईला वाटलं, पोरीला वेळ लागेल. तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती उठली, पडद्याबाहेर आली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेरच्या उन्हात डोळे मिटून उभी राहिली.

रस्त्यावर जीप थांबली. भोकरदनची जीप. मागच्या फळीवरून एक बाई उतरली, हातात दोऱ्यांच्या रिळांची पिशवी. कोथिंबिरी रंगाचं साधं लुगडं, डोक्याला रुमाल नाही. ती हात हलवत पायवाटेनं चालत आली.

"काकू, सकाळीच गेल्ते. तुमी पाटाकडं व्हता म्हनून सांगितलं न्हाई," बेबीनंदा लांबूनच म्हणाली. जवळ आली आणि तिचा चेहरा बदलला. "वो माय! रडल्या का? काय झालं?"

चतुराबाईनं तिच्याकडं बघितलं. पिशवीकडं बघितलं. तिच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं.

तिच्या पाठीमागं, दाराच्या आत, सर्र असा आवाज झाला. मधे थांबला नाही. झाडापाशी थांबत थांबत नव्हे, एका दमात कुणीतरी सरीतून दाराकडं सरकत आलं. चतुराबाईनं मान अर्धवट वळवली. मधल्या जागेपलीकडचा पांढरा पडदा तिला दिसला. तो खालच्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, आतून हळूच फुगला आणि तसाच राहिला, कुणी कान लावून टेकावं तसा.

"आत कोन हाय?" बेबीनंदानं विचारलं. "सुगराबी हाय का?"

"बेबी, खाली बस," चतुराबाई म्हणाली.

"सांगा ना, काय झालं?"

"बस आधी."

बेबीनंदा पिशवी मांडीवर घेऊन वाटेकडेच्या धुऱ्याच्या बांधावर बसली आणि तोंड वर करून बघू लागली. ऊन तिच्या तोंडावर होतं. डोळे आईचे होते, आणि त्यांत चुलतीबद्दल काळजीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. चतुराबाईनं पाठीमागं पुन्हा बघितलं नाही. तिनं या पोरीच्या डोळ्यांत बघितलं आणि जे आत एकदा बोलून झालं होतं ते पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली. आणि शब्द जसजसे पुढं गेले, तसतसे ते डोळे बदलत गेलेले तिला बघावे लागले.